आतलं पॅड

१

झुंबरबाईने पाहिलेली गाडी डोळे झाकून घाटात घालावी, असं फैजपुरात लोक म्हणायचे आणि झुंबरबाईला ते ऐकायला गोड लागायचं. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे जे झालं ते त्या गोड लागण्यातूनच झालं.

सावदा रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज. नवरा पितांबर पाने फिरवायचा, पारख मात्र हिची. बाई चौथी शिकलेली, तोंडाने फटकळ, पन्नाशीला टेकलेली. गॅरेजसमोर गतिरोधक होता. त्याच्या कडेला स्टूल टाकून ती बसायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, "ये हळू. दाब. थांब." गाडी तेवढी समोरून गेली की तिला कळायचं. बारीक चीं आली तर ब्रेकच्या पॅडची पत्र्याची जीभ चाकाच्या डिस्कला टेकली, दिवस भरत आले. खर्र आलं तर पॅड संपलं, लोखंडावर लोखंड चाललंय. मापाला तिच्याकडे आगपेटी असायची. नवं पॅड पाच काड्यांच्या जाडीचं. दोन काड्या उरल्या की बदलायचं. एका काडीवर गाडी दारातून हलू द्यायची नाही.

पण चाकाच्या फटीतून दिसतं ते बाहेरचं पॅड. डिस्कच्या पलीकडे दुसरं असतं. ते चाक खोलल्याशिवाय दिसत नाही, आणि बरेचदा आधी तेच झिजतं. म्हणून गेलं वर्षभर ती आलेल्या प्रत्येक गाडीचं चाक खोलायला लावायची. लोक म्हणायचे, अक्का आता फारच काटेकोर झाली.

त्या शुक्रवारी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर होती. आखाजीला लेकी माहेरी येतात, भाऊ मुराळी होऊन त्यांना आणायला जातात, म्हणून दोन-तीन दिवस गॅरेजसमोर मुराळ्यांच्या गाड्यांची रांग लागते. केळीच्या ट्रकांचा दलाल हेमराज सकाळी सकाळी आला.

"अक्का, पिकअपची पॅडं चालतील ना अजून महिनाभर?"

"चालेल की. गाडी चालेल. थांबायचं कसं ते तू पाहा. हे पॅड आहे का पापड?"

रांगेतले हसले. हेमराजने मुकाट्याने चावी दिली.

त्याच्या आधी, आठ वाजता, पितांबरने घरच्या पांढऱ्या गाडीला नवी पॅडं टाकली होती. उद्या तेजस, म्हणजे त्यांचा मुलगा, तीच गाडी घेऊन मयुरीला आणायला जाणार होता. मयुरीचं सासर धुळ्याच्या पलीकडे, लळिंग घाट चढून गेल्यावर. झुंबरबाईने स्वतः काड्या लावून मोजलं. पाच आत, पाच बाहेर. मग गाडी शेडच्या कोपऱ्यात सावलीला लावली आणि तिच्या पुढ्यात हेमराजचा पिकअप उभा राहिला.

बारा वाजता झुंबरबाई कोपऱ्यातला माठ भरायला गेली. पांढऱ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकावर काळी भुकटी बसली होती. ब्रेक लागताना पॅड झिजून उडते ती. तिने बोट फिरवलं. भुकटी मऊ होती, ताजी होती.

गाडी हललेली नव्हती. हलणार कुठून? पुढे पिकअप होता.

२

"जुनी भुकटी राहिली असंल," पितांबर म्हणाला.

"मी फडक्यानं पुसलं होतं."

"मंग नीट नसंल पुसलं."

"तुम्ही चाक खोला."

"सात गाड्या उभ्या आहेत, झुंबर."

"खोला म्हणते ना."

त्याने खोललं. बाहेरचं पॅड पाच काड्यांचं, जसंच्या तसं. आतलं तीनचं.

पितांबरने डोकं खाजवलं. पाकिटातच खोट असेल, म्हणाला. एक जाड, एक बारीक, हल्ली काय वाट्टेल ते विकतात. झुंबरबाईनेही तसंच धरून चालायचं ठरवलं, कारण दुसरं काही धरता येत नव्हतं. तिने डिस्कला हात लावला आणि झटकन काढला. चटका बसला. बाहेर चव्वेचाळीस अंश ऊन, पत्रा तापलेला, लोखंड तापणारच. हे मनात म्हणतच ती बाकीच्या तीन चाकांपाशी गेली आणि तिन्हीला हात लावून आली. तिन्ही गार होती.

"पॅड डिस्कवर दाबणारं कॅलिपर जाम असंल," पितांबर म्हणाला. "दाबलेलं सुटत नसंल. म्हणून आतलं झिजतं, तापतं."

"चालत्या गाडीचं ना ते?"

"हो."

"ही चालली कधी?"

दुसरं पाकीट फोडून त्याने नवी जोडी टाकली. तिने दोनदा मोजलं, पुन्हा पाच आणि पाच. चाक बसवलं. दोन चाव्यांपैकी एक तिने कमरेच्या पिशवीत घातली, दुसरी घरी तेजसच्या खिशात होती, आणि तेजस घरी झोपला होता हे तिने फोन करून विचारून घेतलं.

"काय झालं आई?"

"काही नाही. झोप."

दीड वाजता तिने पुन्हा खोलायला लावलं. आता पितांबर रागावला, रांगेतले कुजबुजले. आतलं पॅड दोन काड्यांचं होतं.

"डोळ्यावर परिणाम झाला का माह्या?" तिने विचारलं. असं ती कधी कुणाला विचारत नसे.

पितांबरने काड्या तिच्या हातातून घेतल्या, स्वतः लावल्या, आणि परत तिच्या हातात ठेवल्या.

३

गेल्या वर्षीही असाच आखाजीचा शुक्रवार होता.

अभिमन नावाचा मुलगा गाडी घेऊन आला होता. मुलगा म्हणजे तिशीचा, पलीकडच्या गावचा, केळीचं खोड खांद्यावर न्यावं असा दांडगा आणि बोलायला तितकाच हळू. बहिणीला, कामिनीला, आणायला दुसऱ्या दिवशी घाटापलीकडे जायचं होतं. गतिरोधकावरून गाडी गेली तेव्हा झुंबरबाईने ऐकलं. चीं आली होती. बारीक, पण आली होती. तिने वाकून फटीतून पाहिलं, बाहेरचं पॅड दोन काड्यांचं दिसलं.

"आखाजी होऊ दे, मंग टाकू," ती म्हणाली.

"अक्का, चाक खोलून पाहता का? आतलं?"

"मी सांगते ना."

"घाट आहे, म्हणून म्हटलं. पाहाच एकदा."

"माह्यापेक्षा तुले जास्त कळतं का? मंग तूच बस स्टुलावर."

तो ओशाळून हसला आणि गेला. मयुरी त्या दिवशी दुपारीच माहेरी आली होती, घरी पुरणपोळ्यांचं खापर तापलं होतं, आणि झुंबरबाईला गॅरेज लवकर बंद करायचं होतं. एवढंच. चाक खोलायला वीस मिनिटं लागली असती.

दुसऱ्या दिवशी परतताना लळिंगच्या उतारावर गाडी थांबली नाही. कामिनी वाचली, तिचा एक पाय आखूड झाला. ती सांगायची की भाऊ शेवटपर्यंत ब्रेकवर उभा होता. बसलेला नव्हता, उभा होता.

तिसऱ्या दिवशी झुंबरबाई सांत्वनाला अभिमनच्या दारावर गेली. ओटा माणसांनी भरलेला. अभिमनचे चुलते झुलाल आबा सगळ्यांदेखत म्हणाले, "झुंबरबाई, गाडी तुह्याकडेच दाखवली होती ना त्यानं?" त्यांनी आरोप केला नव्हता, नुसतं विचारलं होतं. पन्नास डोळे तिच्याकडे वळले. आणि जी बाई गिऱ्हाइकाला तोंडावर पापड म्हणायची, तिच्या तोंडून निघालं, "सांगितलं होतं मी त्याले. पॅड बदल म्हटलं. ऐकलं नाही पोरानं."

अभिमनच्या आईने कपाळ बडवून घेतलं. "माह्या पोराचीच मस्ती," म्हणाली.

झुंबरबाई घरी आली, जेवली, आणि तिला झोपही लागली. तिला सगळ्यात जास्त लाज त्या झोपेची वाटायची.

४

दोनच्या सुमाराला रांग संपली. पितांबर जेवायला घरी गेला. झुंबरबाईने शटर अर्धं ओढलं आणि स्टूल पांढऱ्या गाडीच्या मागे टाकून बसली. काय ते एकदा पाहूनच घ्यावं. उंदराने वायर खाल्ली असेल. कुणीतरी खोडी काढत असेल. ती स्वतःला एकेक कारण देत होती आणि पाय स्टुलाच्या आडव्या दांड्यावर घट्ट धरून बसली होती.

शेडमध्ये पत्रा तडतडत होता. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मग काहीच नाही.

मागचा पत्रा लाल झाला.

गाडीचे ब्रेकचे दिवे लागले होते. विझले. लागले. विझले. दिवा चावीशिवायही लागतो, हे तिला माहीत होतं. पायाशिवाय लागत नाही, हेही माहीत होतं.

दिवे थट्टेने लागत-विझत नव्हते. त्यात एक रीत होती. आधी एकदा साधं दाबणं. मग सोडून पुन्हा, जोरात. मग भराभर तीन-चार वेळा. ब्रेक धरत नाही हे कळलेला माणूस दाबतो तसं. आणि मग एक लांब, न विझणारा लाल.

ती उठली. चालकाच्या बाजूने गेली. काच वर होती, तिने काचेला हात टेकून आत पाहिलं. पेडल तळाला टेकलं होतं. त्याच्या अलीकडे रबरी चटईत टाचेएवढी खोलगट जागा पडली होती, आणि ती तिच्या डोळ्यांदेखत आणखी खोल गेली, जसं कुणी सगळं अंग तिथे टाकलं असावं. सीट रिकामी होती का, ते तिला सांगता आलं नसतं. तिने नजर वर नेलीच नाही. बाजारात ज्याला तोंड दाखवता येणार नाही असा माणूस समोर आला की आपण भाजी पाहायला लागतो, तशी ती चटईकडे पाहत राहिली.

डाव्या चाकाकडून जळका वास यायला लागला.

"अक्का, आहेत का?" शटरच्या बाहेरून बाईचा आवाज आला.

दिवे विझले.

५

अभिमनची बायको रूपा उभी होती. अंगावर धुवट साडी, उन्हाने चेहरा काळवंडलेला.

"उद्या वर्षश्राद्ध आहे," ती म्हणाली. "सासूबाईंनी तुमाले मुद्दाम बोलावलंय. म्हणतात, खरं बोलणारी बाई आहे, तिचं पान पहिलं मांडायचं."

झुंबरबाईने तिला आत घेतलं, पाणी दिलं. देताना पेल्यातलं पाणी सांडलं.

"रूपा, त्या दिवशी तो आला होता ना गाडी घेऊन…"

"मी मागं बसलेली होती, अक्का."

झुंबरबाईने हातातला तांब्या खाली ठेवला.

"फैजपूरच्या बाजारातून आखाजीची डांगरं, खरबुजं, घेतली होती. मांडीवर घेऊन बसली होती मी. काच खाली होती. त्यांनी तुमाले दोनदा म्हटलं, आतलं पाहा."

"मंग तू वर्षभर बोलली काहून नाही?"

"बोलली की." रूपाने पेला खाली ठेवला. "दारावरून तुम्ही गेल्या, त्याच रात्री सासूबाईले सांगितलं. त्या म्हणाल्या, नवऱ्याची चूक झाकाले परक्या बाईवर ढकलते. झुंबरबाई खोटं बोलंल का? तेव्हापासून माह्या हातचं पाणी घेत नाहीत त्या. स्वतः भरून पितात."

बाहेर मोटारसायकल गेली.

"माफ कर म्हणू का तुले?" झुंबरबाई म्हणाली. तिच्या आवाजात विनंतीपेक्षा चीडच जास्त होती. तिला दुसरा आवाज येत नव्हता.

"मले काही सांगू नका. मले माहीत आहे," रूपा म्हणाली. "जठी बोलल्या तठी बोला, त्या ओट्यावर."

ती निघाली. जाताना कोपऱ्यातल्या गाडीजवळ क्षणभर थांबली, श्वास ओढून वास घेतला, आणि काही न विचारता उन्हात गेली.

६

शनिवारी सकाळी झुंबरबाई आंघोळीहून आली तर रात्री अंगणात आणून लावलेली गाडी नव्हती.

"पहाटे धाडला त्याले," पितांबर म्हणाला. "काल संध्याकाळी मी एकट्यानं बसून कॅलिपर नवं टाकलं, पॅडं नवी टाकली. आज निघायच्या आधी चाक खोललं. पाच काड्या. रात्रभर पाच."

"माह्याशिवाय धाडला?"

"तू नाही म्हटली असती. आणि मयुरी वाट पाहते तिकडं. झुंबर, तुले हल्ली प्रत्येक गाडीत तेच दिसते. मले दिसत नाही का?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्याला अभिमनचं ठाऊक होतं. किती ठाऊक होतं ते तिने कधी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही सांगितलं नव्हतं.

तेजसला फोन लावला. रेंज नव्हती. मग लागला तेव्हा तो म्हणाला, पोहोचलो, मयुरी तयार होतेय, गाडी मस्त आहे, तू उगाच. तिला जरा बरं वाटलं. चढावर ब्रेक लागत नाही, हे नंतर तिच्या ध्यानात आलं. उतार परतताना होता.

७

अभिमनच्या घरी अंगणात मांडव होता. केळीची पानं मांडली होती, भाऊबंद ओळीने बसले होते. अभिमनच्या आईने झुंबरबाईचा हात धरून तिला पहिल्या पानावर बसवलं. पुरणपोळी, आमरस, कुरडई. भिंतीवर हार घातलेला फोटो. तिने फोटोकडे पाहिलं नाही. वाढणाऱ्या रूपाकडेही पाहिलं नाही.

बोलायचं ती ठरवून आली होती. झुलाल आबांनी पाण्याचा हात फिरवला तेव्हा तिने घसा साफ केला.

"आबा, मले एक सांगायचं होतं. त्या दिवशी माह्याकडूनही जरा घाई झाली होती. मीही नीट पाहायला पाहिजे होतं."

अंगणात हळहळ पसरली. म्हातारीने पदर डोळ्याला लावला. "पाहा," ती बायकांना म्हणाली, "मोठं मन म्हणतात ते हे. चूक माह्या पोराची, आणि लावून घेते स्वतःले." तिने झुंबरबाईच्या पानावर आणखी एक पोळी ठेवली. "खा, अक्का. तू खाईपर्यंत बठ्ठे थांबतील."

सगळे थांबले होते. रूपा आमरसाचं भांडं घेऊन उभी होती आणि भांड्यातच पाहत होती. झुंबरबाईच्या मानेपासून कानापर्यंत आग झाली. तरी तिने पोळीचा तुकडा मोडला. मोडला, हे खरं.

फोन वाजला. तेजस होता.

"आई, घाटात आहोत. गाडी उतारावर मधेच उभी राहिली. डाव्या चाकातून धूर येतोय."

"हँडब्रेक ओढ. उतरा दोघंही."

"ओढलाय. धरत नाही. मयुरीकडे कठडा आहे, दार उघडत नाही. माझ्याकडून ट्रक चाललेत सटासट." त्याला धाप लागली होती. "आई, मी पाय काढलाय. पेडल वर येत नाही."

मागून मयुरीचा आवाज आला. ती रडत नव्हती. लहानपणी साप दिसला की यायचा तसा सपाट आवाज होता. "दादा, पाय काढ ना."

"काढलाय म्हणतो ना. हा बघ, इकडे आहेत दोन्ही."

"मग हा कुणाचा आहे?"

झुंबरबाईने तुकडा पानावर ठेवला. किती दाबलं की किती झिजतं, ते तिच्याइतकं तालुक्यात कुणाला कळत नव्हतं. आतलं आता अर्ध्या काडीवर असेल. किंवा नसेल. ज्याने दाबून धरलं होतं तो अजूनही उभाच होता, तिच्या पोरांना धरून. आणि ती इथे त्याच्या घरी बसून त्याच्या नावाची पोळी मोडत होती.

ती उठली. फोन कापला नाही, हातात उघडाच धरला.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीचा निघाला, गतिरोधकावरचा, रस्त्यापलीकडे जाणारा. "मी त्याले पॅड बदल म्हटलं नव्हतं. त्यानं मले म्हटलं, चाक खोलून पाहा. दोनदा म्हटलं. चीं आली होती, मी ऐकली होती. मले घरी जायचं होतं. आणि मले वाटलं, याले काय कळते. मी त्याले हसण्यावारी घालवलं. तिसऱ्या दिवशी इथंच, या ओट्यावर, आबांनी विचारलं, तवा मेलेल्या माणसावर ढकललं. कारण तो बोलाले येणार नव्हता."

झुलाल आबांचा हात पानावर तसाच राहिला.

फोनमधून तेजस म्हणाला, "आई. सुटलं." मग बराच वेळ त्याचा श्वास. "पेडल वर आलं. आता माझ्याच पायाखाली आहे. धरतंय. कडेला घेतो मी."

तिथे तिला थांबता आलं असतं. पोरं वाचली होती. म्हातारी हळू आवाजात म्हणत होती, "पुरे. पुरे कर." झुंबरबाईला थांबायचं होतंही. ओळीत बसलेले तिच्या ओळखीचे लोक तिच्याकडे बघेनासे झाले होते.

"अजून आहे," ती म्हातारीला म्हणाली. "रूपानं तुमाले त्याच रात्री खरं सांगितलं होतं."

म्हातारीने वाकून झुंबरबाईच्या पुढचं भरलेलं पान उचललं. रस ओघळून तिच्या पायावर आला. झुंबरबाई रिकाम्या जमिनीसमोर उभी राहून रूपाचं सांगू लागली.